चांगुणाची लाल सुरमई

आमच्या घरातली खारवलेली मासळी कधी लाल होत नसे. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर देणारीच्या घरातलीही कधी होत नसे. खरं सांगायचं तर पावसाळ्यात हवा दमट झाली, की माळ्यावरच्या पिंपात मिठात रचलेल्या एखाद्या सुरमईवर गुलाबी झाक चढायची. चार दिवसांत ती चांगली लाल आणि बुळबुळीत व्हायची, आणि तिला एक आंबूस, उग्र वास सुटायचा. अशी मासळी निघाली की आई ती पदराखाली घेऊन उजाडायच्या आत किनाऱ्यावर जायची आणि वाळूत खड्डा करून पुरून यायची. तिथं तिला शेजारची एखादी बाई भेटायची, तिच्याही पदराखाली काहीतरी असायचं. "काय गो, लवकर उठलीस," एवढं बोलून दोघी एकमेकींकडे न बघता आपापल्या वाटेला लागायच्या. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या बायकांना पहाटे समुद्र बघायला आवडत असेल.

चांगुणा हे माझ्या आईचं नाव. वाड्यात ती तिच्या हातासाठी ओळखली जायची, कापण्यासाठी आणि खारवण्यासाठीही. मोरळीवर, म्हणजे पायाखाली दाबून धरायच्या तिच्या विळीवर, ती सुरमई घेऊन बसली की लोक बोलणं थांबवून बघायचे. डोकं बाजूला, पाठीकडून एकच सरळ चीर, आणि पोटातलं सगळं एका ओढीत बाहेर. कालवणाचे तुकडे करायचे असले तर ते तिरके आणि सगळे एका जाडीचे. तिला थांबून बघावं लागत नसे, काट्याची नेमकी जागा हाताला आपोआप सापडायची. शाळेत असताना एकदा तिची पाठ वळलेली पाहून मी मोरळीवर बसले आणि एका चांगल्या सुरमईचा चेंदा केला. तिनं शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "मांजराला दे. ते बी इचारील, कुनी मारली म्हनून." त्यानंतर माझ्याकडे सोडे, म्हणजे सुकवायची कोलंबी, सोलायचं काम आलं ते कायमचंच.

खारवण्याचं तिचं वेड निराळं. मीठ ती एकाच आगरी कुटुंबाच्या मिठागरातून आणायची, जाड, किंचित लालसर, हाताला टोचणारं. इतर बायका मीठ महाग पडतं म्हणून हात आखडायच्या. आई चिरलेल्या सुरमईच्या पोटात, पाठीत, गालफडात मूठ मूठ मीठ चोळायची, पिंपात मिठाचा थर, त्यावर मासळी, पुन्हा थर, आणि वरून दगड. "मीठ मोजीत बसली ती काय खारवनार," हे तिचं ठरलेलं वाक्य. पावसाआधी आगोटीच्या खरेदीला नागावच्या वाड्यांमधून बायका यायच्या, पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढी सुकी मासळी भरून न्यायला. बोंबील कुणाकडूनही घेतील, जवळा कुणाकडूनही घेतील, पण खारवलेली सुरमई म्हटली की विचारायच्या, "चांगुणाची आहे का?" त्या नागावात आता घरोघरी पर्यटकांना खोल्या मिळतात, समुद्रात रबरी केळ्यावर बसून लोक किंचाळतात आणि थाळीत सुरमई ताजीच हवी म्हणतात. खारी सुरमई निखाऱ्यावर भाजून, मऊ भातावर कुस्करून, कच्च्या कैरीच्या फोडीबरोबर खाल्ली नाही त्यांनी, म्हणून त्यांना क्षमा आहे.

पावसाळ्यात आमचं घर वेगळंच व्हायचं. होड्या झापांनी शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या, बाबा ओटीवर बसून जाळं शिवतायत, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला, आणि तोंडानं काही नाही. बाबा मोठे नाखवा, पण जमिनीवर फार बोलायचे नाहीत. जमिनीवरचा कारभार आईचा. चुलीवर सुकटीचं कालवण रटरटायचं, तांदळाची भाकरी तव्यावर फुगायची, आणि माळ्यावरून मिठाचा, मासळीचा आणि जुन्या लाकडाचा मिळून एक वास खाली उतरायचा. पुढं मुंबईच्या वसतिगृहात माझ्या कपड्यांना तो वास येतो म्हणून खोलीतल्या मुलीनं नाक मुरडलं तेव्हा मी तिला म्हटलं, "हळूहळू आवडेल." वर्षअखेरीला ती माझ्या डब्यातला जवळा चोरून खात होती.

मुंबईत मी जे करत होते त्याला कोळीवाड्यात "कुंदी जंतू पालते" असं म्हणत. चूक म्हणता येणार नाही. एका प्रयोगशाळेत मला संशोधनासाठी जागा मिळाली होती, आणि आमच्या मॅडमचा विषय होता जंतूंच्या कात्र्या. हा विषय मी आयुष्यभर इतक्या वर्गांत शिकवला, की आता झोपेतही सांगेन. जंतूंनाही रोग होतात. त्यांच्यावर विषाणू चढाई करतात आणि आपला डीएनए जंतूच्या पोटात सोडतात. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब धागा; तो आत शिरला की जंतूचा कारभार विषाणूच्या हातात जातो. म्हणून कित्येक जंतूंनी एक रसायन तयार केलेलं असतं. ते त्या परक्या धाग्यावरून सरकत जातं आणि ठरावीक अक्षरांचा ठरावीक क्रम दिसला की तिथंच धागा तोडतं. एक अक्षर इकडचं तिकडे असलं तर हात लावत नाही. तोच क्रम जंतूच्या स्वतःच्या धाग्यावरही असतो, पण तिथं त्यानं आधीच एक बारीक रासायनिक खूण करून ठेवलेली असते. खूण दिसली की कात्री पुढं जाते. या कात्र्या माणसाच्या हाती लागल्या तेव्हापासून डीएनए हवा तिथं तोडता येऊ लागला आणि दुसरीकडे जोडता येऊ लागला. साखरेच्या रोग्यांचं इन्सुलिन आज जंतूंकडून करवून घेतात, त्याच्या मुळाशी या कात्र्या आहेत.

आता माझे विद्यार्थी संगणकावर बोट दाबतात आणि बर्फात गुंडाळलेली कात्री दाराशी येते. तेव्हा परदेशातून मागवायची तर महिने जायचे, आणि विमानतळावर बर्फ वितळला की सगळं मुसळ केरात. मॅडमचं म्हणणं होतं की आपल्याकडच्या मातीत, पाण्यात, शेणात कोट्यवधी जंतू आहेत. त्यांच्यात आपली स्वतःची, कुणाजवळ नसलेली कात्री शोधायची. आम्ही शोधत होतो. जंतू वाढवायचा, फोडायचा, त्याचा अर्क काढायचा, तो एका विषाणूच्या डीएनएवर घालायचा आणि काय होतं ते जेलवर बघायचं. जेल म्हणजे खरवसासारखी थरथरती वडी. तिच्यात वीज सोडली की डीएनएचे तुकडे आपापल्या लांबीप्रमाणे पुढं सरकतात आणि अतिनील दिव्याखाली नारिंगी पट्टे चमकतात. कापलं नाही तर वर एकच जाड पट्टा. नुसतीच नासधूस झाली तर खालपर्यंत फराटा. नेमक्या जागी कापलं असेल तर एकाखाली एक, स्वच्छ, वेगळे पट्टे. मी बागेतली माती आणली, गटाराचं पाणी आणलं, वसतिगृहातलं बुरशी आलेलं लोणचं आणलं. माझ्या नशिबी वर्षभर जाड पट्टा नाही तर फराटा. बरोबरच्या दोघांना काही ना काही सापडलं होतं. शेवटी मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं, "कुंदा, मला तुझा हात आवडतो. पण दिवाळीपर्यंत एकही जंतू कापताना दिसला नाही तर ही जागा मला दुसऱ्याला द्यावी लागेल. वरून विचारणा झाली आहे." जागा गेली म्हणजे मुंबई गेली. कोळीवाड्यातून एवढं शिकायला गेलेली मी पहिलीच होते, आणि मी परत आले असते तर पुढच्या कुठल्याच पोरीला कुणी पाठवलं नसतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मला आईची लाल सुरमई आठवली ती एका पुस्तकातलं वाक्य वाचून. काही जंतूंना एवढं मीठ लागतं, की साध्या पाण्यात टाकलं तर ते फुटून जातात. मिठागरातलं पाणी सुकत आलं की गुलाबी दिसतं ते त्यांच्यामुळं, आणि मिठातून ते खारवलेल्या मासळीवर येतात. मी पुस्तक मिटलं आणि मोठ्यानं हसले. वाळूत किती पुरले असतील आम्ही. मॅडमना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "यांच्या कात्र्या फारशा कुणी बघितलेल्या नाहीत. मिठागरातून आणता येतील का?" मी म्हटलं, मिठागरं आता पावसाच्या पाण्याखाली आहेत, मीठ पुन्हा धरायला होळी उजाडेल. "मग मासळी आण."

नारळी पौर्णिमेला मी घरी गेले. आई ओल्या नारळाच्या करंज्या तळत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सरळच विचारलं, "आये, लाल झालेली सुरमय हाय का?"

तिचा झारा हवेतच राहिला. "आपल्याकडं लाल होत न्हाय."

"आये, मी या घरात वाढलेय."

"तं मंग तुला म्हाइत पायजे, होत न्हाय ते." मग हळू आवाजात, "कशाला पायजे?"

मी सांगितलं. जंतू, कात्री, मॅडम, दिवाळी. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. कात्रीची गोष्ट तिला पटली. परका ओळखायचा आणि आपलं राखायचं, यात तिला काही नवल वाटलं नाही. पण लाल मासळी मुंबईला न्यायची, तीही एका शिकलेल्या बाईच्या टेबलावर ठेवायची, हे ऐकल्यावर तिचा चेहरा घट्ट झाला. "चांगुनाच्या मासलीत जंतू सापडलं, हे मुंबयवरनं नागावला यायला एक एस्टी पुरते. पुढल्या आगोटीला माज्या पिंपाकडं कोन बघनार न्हाय." त्यातही काही खोटं नव्हतं. आमचं घर त्या पिंपावर चालत होतं. बाबांची होडी समुद्राच्या भरवशावर, आईचं पिंप लोकांच्या भरवशावर. मी विषय सोडून दिला. निघायच्या सकाळी मात्र तिनं आपणहून केळीच्या पानात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं, वरून मेणकापड लावलेलं एक पुडकं माझ्या हातात दिलं. "घे. मॅडमला सांग, आयनं दिलीय." मी तिच्या पाया पडले आणि मनातल्या मनात उड्या मारत गाडीत बसले.

ते पुडकं मी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर उघडलं. मॅडमनी हातमोजे घातले होते, एकानं नाकाला रुमाल लावला होता. आतून निघाली आईच्या पिंपातली सगळ्यात देखणी सुरमई. पांढरीशुभ्र, खणखणीत वाळलेली, कुठं डाग नाही, आणि प्रवासाला निघालेल्या माणसाला घालावी तशी आंघोळ घालून पुन्हा नव्या मिठात घोळलेली. आई आपल्या लेकीच्या मॅडमला सडकी मासळी कशी देईल? तिच्या दृष्टीनं तिनं माझी लाज राखली होती. सगळे हसले, मीही हसले, पण मनात दिवाळीपर्यंतचे दिवस मोजत होते. मॅडमनी ती सुरमई घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "कुंदा, जंतूंचं नंतर बघू. ही आणखी मिळेल का?"

मी पुढच्या सुट्टीत पुन्हा गेले. या वेळी आईला न विचारता वाड्यात घरोघर फिरले. तो फेरफटका मी कधी विसरणार नाही. एकाही घरात, कुणाच्या आजीच्या काळातही, मासळी लाल झाली नव्हती. एकीच्या माळ्यावरून मला तो वास स्पष्ट येत होता, तरी ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आमच्याकडं कवा न्हाय बाय. तुज्या आयला इचार." आमच्या शेजारच्या बायजामावशीनं तर मला चहा पाजला, बटर दिला, आणि दारापर्यंत सोडायला आली, म्हणजे मी माळ्याकडे बघू नये. संध्याकाळी मी घरी येऊन ओटीवर बसले. आई मोरळी धूत होती.

"आये," मी म्हटलं, "दिवालीपर्यंत कापलं न्हाय, तं जागा गेली. मंग मी येते घरी, सोडं सोलायला."

तिनं मोरळीचं पातं फडक्यानं पुसलं, दुमडलं आणि भिंतीला लावलं. बाबांनी जाळ्यातून मान वर करून तिच्याकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. मी रिकाम्या हातानं मुंबईला परतले.

त्यानंतर आठवडाभरानं मी जेल ओतत असताना पहारेकरी वर आला. "बाई, खाली तुमच्या आई आल्यात. पाटी आत नेऊ नका म्हटलं, ऐकत नाहीत." मी धावत जिना उतरले तर ती अर्ध्या जिन्यात आलेली होती, हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, डोक्यावर पाटी. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून ती पेण-पनवेलवरून गाड्या बदलत आली होती. मुंबईला ती आधीही आली होती, पण मासळी बाजारापलीकडे कधी गेली नव्हती. मॅडमच्या टेबलापाशी येऊन तिनं पाटी उतरवली, पान बाजूला केलं, आणि मागं सरून उभी राहिली. आत सुरमई होती. लालभडक, चिकट, वास असा की दोघं जण खिडकीकडे पळाले. मी एवढी सुंदर गोष्ट आयुष्यात पाहिलेली नाही.

मॅडम मोठ्या मनाच्या होत्या. त्यांनी मान लववून आईला नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "हिच्यावर नमुना कुठला ते लिहावं लागतं. मी नुसतं 'रायगडचा किनारा' लिहिते. तुमचं नाव नको, काळजी करू नका."

"का नको?" आई म्हणाली. "माज्याच पिंपातली हाय. दुसऱ्या कुनाच्या घरची म्हनून खपवायची न्हाय. लिवा, चांगुना, रेवदंडा."

मी नळाकडे वळले आणि उगाच एक चंचुपात्र धूत राहिले, कारण मला रडू फुटलं होतं. तिनं आपलं नाव कशावर लावलं होतं ते त्या खोलीत मला एकटीला कळत होतं.

नंतर आम्ही खालच्या उपाहारगृहात बसलो, तेव्हा तिनं बशीत चहा ओतत प्रवासाची हकिकत सांगितली. गाडीत नेमकी बायजामावशी शेजारी. "पाटीत काय गो?" तिनं विचारलं. आईनं पान उचलून दाखवलं आणि म्हणाली, "लाल झालेली सुरमय. कुंदीला पायजे." बायजामावशीनं तोंड खिडकीकडे फिरवलं ते पेणपर्यंत. पेणला उतरायच्या आधी आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "माज्याकडं बी हाय एक. लागली तं सांग." सांगताना आई इतकी हसली की चहा लुगड्यावर सांडला.

बाटलीवर तिचं नाव होतं, म्हणून त्या जंतूलाही सगळे चांगुणाच म्हणू लागले. चांगुणा सावकाश वाढली. मिठानं घट्ट झालेल्या खाद्यावर दोनेक आठवड्यांनी डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल ठिपके आले. मी तिला वाढवलं, फोडलं, अर्क काढला, विषाणूच्या डीएनएवर घातला. वर एकच जाड पट्टा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. "चांगुणा कापत नाही," असं मग रोज कुणी ना कुणी जाता येता म्हणायचं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मला ते वाक्य सहन होत नसे. माझ्या आईबद्दल असं बोलण्याची हिंमत अख्ख्या कोळीवाड्यात कुणाची नव्हती.

एकदा मी त्या लाल पेशी धुवायला चुकून साधं पाणी घेतलं. क्षणात त्या फुटल्या आणि नळीत नुसती चिकट तार उरली. मी ती नळी उजेडाकडे धरून बघत राहिले, आणि मला माझाच राग आला. हा जंतू साध्या पाण्यात जीव सोडतो, आणि त्याच्या कात्रीला मी वर्गात शिकलेल्या अळणी द्रावात काम करायला लावत होते. वाढवताना मीठ घालत होते ते पुस्तकात लिहिलं होतं म्हणून, आणि कापताना घालत नव्हते तेही पुस्तकात लिहिलं होतं म्हणून. मॅडमना जाऊन सांगितलं की फोडण्यापासून कापण्यापर्यंत सगळं खारट करायचं. त्या विचारात पडल्या. "एवढ्या मिठात आपल्या ओळखीच्या सगळ्या कात्र्या गप्प बसतात. आणि विषाणूचा डीएनए आता एकाच वेळेपुरता उरलाय. पुढचा येईल तोवर दिवाळी होऊन गेलेली असेल."

"ही आपल्या ओळखीची नाही, माझ्या ओळखीची आहे," मी म्हटलं. आज ते वाक्य उद्धट वाटतं, पण मला पूर्ण खात्री होती, आणि अशी खात्री त्यानंतर मला फार थोड्या वेळा वाटली. "करायचं तर कर," मॅडम म्हणाल्या, "पण मग दिवाळीचं ठरलंय ते ठरलंय." मी मीठ घातलं. आईसारखं मुठीनं नाही, तराजूवर तोलूनच घातलं, पण घालताना हात आखडला नाही.

अंधाऱ्या खोलीत मॅडम आणि मी दोघीच होतो. दिवा लावला. नारिंगी पट्टे होते, एकाखाली एक, आणि सगळे वाकडे, ओठ मुडपून हसल्यासारखे. जेलमध्ये मीठ गेलं की पट्टे वाकडे धावतात, हे कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं.

"वाकडे आहेत," मॅडम म्हणाल्या.

"पण आहेत," मी म्हटलं.

त्यांनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी दुखत होता. पुढं नवा डीएनए आला तेव्हा कापून झाल्यावर मीठ काढून मी तो जेलवर चढवला आणि पट्टे सरळ आले; शंभरदा केलं तरी त्याच जागी. पण माझी जागा राहिली ती त्या वाकड्या पट्ट्यांवर. दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला त्या पट्ट्यांचा फोटो दाखवला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला. "दर धाग्याला त्याच जागी कापतो?"

"त्याच जागी."

"मोजीत बसत न्हाय?"

"न्हाय."

"मंग आपल्यातलाच हाय," ती म्हणाली, आणि फोटो देवाच्या फळीवर ठेवून कंदील लावायला गेली.

पण आईचा हिशेब अजून बाकी होता, आणि तो मला सतावत होता. बायजामावशीच्या पोटात गोष्ट राहणं शक्यच नव्हतं. पुढच्या आगोटीला मी मुद्दाम सुट्टी काढून गेले आणि आईच्या शेजारी बाजारात बसले. ऊन मी म्हणत होतं, बोंबलांचे ढीग लागले होते, आणि आईसमोर खारवलेल्या सुरमया रांगेत मांडलेल्या होत्या. नागावच्या बायका आल्या, बोंबील घेतले, जवळा घेतला, आणि आमच्यासमोर येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक ठसठशीत काकू, जी दर वर्षी सगळ्यात आधी पिशवी पुढं करायची, तिनं पिशवी मागं धरली होती. "चांगुणा," ती म्हणाली, "खरं का गं? तुझ्या मासळीत म्हणे मुंबईवाल्यांना जंतू सापडला?"

आजूबाजूची खरेदी थांबली. पलीकडे बायजामावशी आपल्या टोपलीत तोंड घालून बसली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"सापडला ना," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "ही बसलीय ती माजी पोरगी, तिनंच काढला. तो जंतू म्हंजे ऐरागैरा न्हाय. त्याला जगायला मीठ लागतं, भरपूर. मुंबयला त्यानं मीठ मिलाल्याबिगर काम केलं न्हाय, इचारा तिला. आता कुनाकुनाच्या पिंपात तो जगंल ते तुमीच बघा. हात आकडून मीठ घालनारीच्या घरची मासली नुसती सडते. लाल व्हायला सुदा चांगुनाचं मीठ लागतं."

काकूनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, कारण शास्त्राच्या दृष्टीनंही त्यात चुकीचं काही नव्हतं. काकूनं पिशवी पुढं केली. "दोन मोठ्या दे. आणि कापू नकोस, अख्ख्याच दे." दुपारपर्यंत आमच्यासमोरची रांग संपली, आणि पलीकडे बायजामावशी एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "माजी बी होते हो लाल, मधनंमधनं."

आईनं मात्र लाल मासळी उघड्यावर कधी ठेवली नाही. ती शेवटपर्यंत पहाटेच वाळूत पुरत राहिली. बाजारातलं बोलणं बाजारात आणि घरातलं घरात. फक्त पुरायच्या आधी मला विचारायची. आधी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप, मग शेजारच्यांच्या फोनवरून, आणि म्हातारपणी नातवानं दिलेल्या मोबाइलवरून, पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी तिचा आवाज यायचा, "कुंदे, लाल निगालीय एक. पुरू का पाठवू?" मी तोवर दुसऱ्याच विषयावर काम करत होते, नंतर निवृत्तही झाले, आणि चांगुणाचे जंतू प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेलेच होते, कितीही वर्षं पुरतील एवढे. हे मी तिला कधीच सांगितलं नाही. "पाठव," म्हणायचे, आणि ती पाठवायची, पानात गुंडाळून, सुतळीनं बांधून. यंदाच्या पावसाळ्यात फोन आला नाही. येणारही नव्हता. एका दमट पहाटे मी रेवदंड्याच्या माळ्यावर चढले, आईच्या हातची शेवटची खारवलेली मासळी पिंपातून वर काढून पाहिली, आणि तळातल्या एका सुरमईवर गुलाबी झाक दिसली. मी ती पदराखाली घेतली आणि उजाडायच्या आत किनाऱ्यावर गेले.